तळहातावरचं मीठ

रक्तदाब कशानं वाढतो याच्या पाहणीसाठी मी पुंडलिकनगरात दारोदार फिरत होतो. "मावशी, दिवसाला मीठ किती खाता?" मेथी निवडणाऱ्या एका बाईंना मी विचारलं. त्या आत जाऊन तळहातावर मीठ घेऊन आल्या, पुन्हा आत जाऊन चिमूटभर वाढवून आल्या.

"लोणच्याचं ऱ्हायलं व्हतं. खोटं सांगितलं तर तुमचा हिशोब चुकंल, बाबा."

मग त्यांनी दंड पुढं केला. आकडा भलताच मोठा आला. मी तो लिहून घेतला आणि पुढच्या दारी गेलो.

संगणकावर त्या एका आकड्यानं आलेख बिघडत होता. 'यंत्राची चूक' असा शेरा मारून मी त्यांची ओळ गाळली. त्याच यंत्रानं बाकीची सगळी गल्ली मोजली होती. आलेख सुरेख आला.

त्यांचं दार मला ठाऊक होतं. पुन्हा मोजायला मी गेलो नाही.