पोपटी ब्लाउजवाली

आत्या गेली तेव्हा तिचा एकही धड फोटो सापडला नाही.

शेवटी फ्लेक्सवर आधार कार्डावरचा फोटो झूम करून टाकला. डोळे अर्धे मिटलेले, तोंड ओढलेलं. अख्ख्या गेवराईने तोच बघून हात जोडले.
मला तेव्हाच राग आला होता.
आमची आत्या अशी नव्हतीच!

तिचं ब्लाउज शिवायचं दुकान. आता मी चालवते.
दुकानाच्या भिंतीवर जुन्या दिवाळी अंकांची कव्हरं. रद्दीत अंक आले की रद्दीवाला आधी आत्याला निरोप धाडायचा. कव्हर काढायचं, साडीच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर चिकटवायचं, वर साडीचीच प्लास्टिकची पिशवी. झाली फ्रेम.

कव्हरांवरच्या हाताने रंगवलेल्या बायका म्हणजे आमचा कॅटलॉग.
"आत्या, मला त्या मोरवालीचं शिवा. अन् मागून कसं हाय ओ ते?"
आता चित्रात पाठ थोडीच दिसते!
आत्याचं उत्तर ठरलेलं. "पुढून चित्रकाराचं, मागून माझं."
उमापूरहून बायका यायच्या त्या या 'मागून'साठीच.

मधलं एक कव्हर मात्र शिवायला नव्हतं.
हातात पणती, पोपटी ब्लाउज, फुग्याच्या बाह्या आणि हसू असं मोकळं, की बघणाऱ्यानेच लाजावं.
कुणी बोट ठेवलं की आत्या म्हणायची, "तिला हात लावायचा न्हाई. ती मी हाय."

सगळ्या हसायच्या. मला कधी हसू आलं नाही.
आत्या ऐन तरुणपणी विधवा झाली. लोक नावं ठेवतील म्हणून जन्मभर राखाडी आणि चॉकलेटी नेसली. पोपटी शिवून दिलं ते गावाला.

आज वर्ष झालं.
सकाळी अप्पा आले, म्हणजे माझे वडील, तिचे धाकटे भाऊ. हातात हार आणि तोच आधारचा फोटो, मोठी फ्रेम करून. सरळ मधल्या कव्हराला हात घातला.

"अप्पा, ते निघणार न्हाई."
"कावून? दुकानात मालकिणीचाच फोटो न्हाई म्हणल्यावर लोक काय म्हणतील?"
"मालकीण तिथंच हाय. तिनंच सांगितलंय."

अप्पा चिडले. काहीतरी बोलणार होते, पण कव्हराकडे बघता बघता थांबले.
मग हळूच म्हणाले, "लग्नाच्या आधी अक्का अशीच हसायची बग."
आणि हार पोपटी ब्लाउजवालीला घातला. आधारची फ्रेम पिशवीत घालून घरी नेली.

दुपारी पाटोद्याकडची एक नवी बाई माप द्यायला आली. हार बघून बिचकली.
"या कोण ओ?"
"आमची आत्या."
"लई देखण्या होत्या की!"
मी म्हटलं, हो. होतीच.

आत्या, तुझा धड फोटो लागला गं शेवटी.