ॲम्प्लिफायरची खरखर

आमच्या टाउनशिपमध्ये माणसं रिटायर झाली की पुलियावर बसायची. नाल्यावरचा सिमेंटचा कठडा तो. सकाळी दूध घेऊन येताना टेकायचं, ते घरून जेवायला हाक येईपर्यंत. कारखान्याचा भोंगा झाला की सगळे मनगटावरचं घड्याळ बघत, जसं काही आत कुणी ह्यांची वाट बघत बसलंय. आमचे हेही रिटायर झाले, पण पुलियावर काही जाईनात. उभा जन्म कारखान्याच्या वाइंडिंग शॉपमध्ये मोटारींना तार गुंडाळण्यात गेला, आणि आता घरात माझ्या मागे मागे. भाजीत मीठ किती घातलं ते विचारायचे. मी टाउनशिपच्या शाळेत सायन्स शिकवलेली मास्तरीण, माहेरची इंदूरची, तोंडाने फटकळ. म्हटलं, "अहो, तुम्ही तरी पुलियावर जा, नाहीतर मी जाऊन बसते."

त्यातून तो आमचा ग्रुप निघाला. क्लबात एक रीडिंग रूम होती, बंद पडलेली. अर्धी क्वार्टर्स रिकामी झाली होती, खिडक्यांतून पिंपळ उगवले होते, तिथे वाचायला कोण येणार? पुस्तकांना वाळवी लागली होती. मी क्लबच्या बाबूमागे भुणभुण लावून किल्ली मिळवली आणि पुलियावर जाऊन सांगितलं, "घरात जे जे बंद पडलंय ते घेऊन या. रेडिओ, टेप, इमर्जन्सी लाइट. तिथे बसून दुरुस्त करा." नुसत्या पुस्तकांसाठी ही मंडळी फिरकली नसती, आणि नुसत्या सोल्डरिंगला बसवली असती तर पेन्शन आणि राजकारणावरून एकमेकांची डोकी फोडली असती. म्हणून मी नियमच केला. एकाने मोठ्याने वाचायचं, बाकीच्यांनी हाताने काम करायचं. आणि वाचणारा प्रकरण संपवत नाही तोवर दुरुस्त केलेली वस्तू चालू करून बघायची नाही. प्रकरण संपेपर्यंत स्विच नाही! उज्जैनचे एक काका होते, कारखान्यात मीटर दुरुस्त करायचे. त्यांचा रेडिओ जोडून तयार असायचा आणि गोष्टीतली नायिका मरता मरत नसायची. ते मांडी हलवत बसायचे. आम्ही सगळे हसायचो.

वाचायचे आमचे हे. एक दिवस मराठी, एक दिवस हिंदी. मूळचे नागपूरचे, आवाज असा भरदार की टाउनशिपच्या गणपतीत माइक दुसऱ्या कुणाच्या हाती जायचाच नाही. घरातही तोच आवाज. मी चिरकी, हे भारदस्त. आमचं भांडण लागलं की शेजारी टीव्ही बारीक करायचे. भांडायचो म्हणजे खरंच भांडायचो, पण ह्यांचं ते "अगं, काहून चिडते?" ऐकलं की माझा अर्धा राग तिथेच उतरायचा. उरलेला अर्धा मी मुद्दाम धरून ठेवायची.

सोल्डरचा धूर होतो म्हणून खोलीत एक्झॉस्ट पंखा लावला होता, तो भयंकर घरघरायचा. शिवाय शेजारचे भाईसाहब एका कानाने बहिरे. म्हणून सगळ्यांनी मिळून शाळेच्या भंगारातल्या लाउडस्पीकरच्या सेटमधून एक छोटा ॲम्प्लिफायर जोडला. माइक ह्यांच्या टेबलावर. तो दुसऱ्या कुणी हातात घेत नसे. वाचणाऱ्याचा माइक, म्हणून.

मग खरखर सुरू झाली. एक दिवस वाचता वाचता स्पीकरमधून शब्द फाटून यायला लागले. काका म्हणाले, "कंडेन्सर गेला असणार." ही माणसं जन्मभर यंत्रं दुरुस्त केलेली. खराबी शोधायची त्यांची एकच रीत: एकेक भाग बदलून बघायचा, ज्याच्या बदलण्याने खरखर गेली तो चोर. कंडेन्सर बदलला. "भाभीजी, अब सुनिए," भाईसाहब म्हणाले. थोडं बरं वाटलं. बरं वाटावं अशी इच्छा असली की वाटतंच. पुढच्या आठवड्यात परत खरखर. मग वायर बदलली. मग कुणाला ड्राय सोल्डर, म्हणजे कच्चा जोड दिसला, म्हणून सगळे जोड नव्याने मारले. मग स्पीकर. मग माइकसुद्धा नवीन आणला. दर वेळी ह्यांना "हॅलो हॅलो" करायला लावायचे, आणि हे हौसेने करायचे.

घरी आवाज बसलाय हे मला काय कळत नव्हतं? कळत होतं. मी ज्येष्ठमध दिलं, गुळण्या करायला लावल्या, "डॉक्टरकडे चला" म्हणून कानीकपाळी ओरडले. हे म्हणायचे, "वाचून वाचून घसा बसतो गं. आणि खरखर तर त्या डब्यातच आहे, विचार सगळ्यांना." विचारलं की सगळे मान डोलवायचे. एवढे जाणकार सांगतायत म्हटल्यावर माझी डाळ काय शिजणार!

एक दिवस ह्यांचा पुतण्या नागपूरहून येणार होता. हे त्याला आणायला हबीबगंज स्टेशनवर गेले. गाडी लेट. इकडे मंडळी जमलेली, कादंबरी ऐन भरात. काका म्हणाले, "वहिनी, आज तुम्हीच वाचा." मी ह्यांच्या खुर्चीत बसले, माइक पुढे ओढला आणि वाचायला लागले.

आवाज लख्ख आला. एक्झॉस्ट चालू असूनही शब्दन्‌शब्द स्वच्छ. दोन-तीन वाक्यं झाली असतील, भाईसाहबांनी हातातलं सोल्डरिंग आयर्न खाली ठेवलं आणि टाळी वाजवली. "अरे वाह! ठीक हो गया!" काका उठून ॲम्प्लिफायरवर थाप मारायला लागले. नवा माइकच कामाला आला म्हणाले. कुणीतरी चहा सांगा म्हणालं. मीही हसले, देवाशपथ, मीही हसले. पुढच्या वाक्यावर बोट ठेवलं आणि पुस्तक मिटून टाकलं.

मी काकांकडे बघितलं. त्यांचा हात डब्यावर तसाच राहिला होता. त्यांनी सगळं बदलून बघितलं होतं. फक्त वाचणारा बदलून बघितला नव्हता. हळूहळू एकेकाच्या लक्षात आलं, तसतसे ते खाली बघायला लागले. एक्झॉस्ट तेवढा घरघरत होता. ह्यांच्याशिवाय त्या दिवशी प्रकरण पूर्ण झालं नाही आणि कुणी काही चालू करूनही बघितलं नाही.

अरेरा कॉलोनीतल्या डॉक्टरांनी घशात नळी घालून बघितलं, तंबाखूचं विचारलं. नागपूरच्या खर्र्याची सवय ह्यांनी केव्हाच सोडली होती, पण घशाने ती सोडली नव्हती म्हणायची. "आवाज कधीपासून असा आहे?" डॉक्टरांनी विचारलं. माझ्या तोंडून निघून गेलं, "पहिला कंडेन्सर बदलला तेव्हापासून." ते माझ्याकडे बघतच राहिले. मग म्हणाले, थोडं लवकर आणलं असतं तर कदाचित किरणांचा शेक देऊन भागलं असतं. आता स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल. आवाज नाही.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी ह्यांना म्हटलं, काहीतरी बोला. काय बोलणार? खोलीत पुतण्या, नर्स, येणारे-जाणारे. हे म्हणाले, "गॅस बंद करून आलीस ना?" तेवढंच. त्या आवाजातलं शेवटचं वाक्य माझ्या वाट्याला हे आलं. मला अजून राग येतो.

नंतर ह्यांना ते यंत्र मिळालं, टॉर्चएवढं. गळ्याला लावून बटण दाबलं की त्यातून शब्द येतात, सपाट, भुणभुणणारे. शब्द ह्यांचे, आवाज कुणाचाच नाही. ग्रुपची मंडळी घरी भेटायला आली. मग काकांनी ते यंत्र हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि डोळ्यांत पाणी घेऊन म्हणाले, "वहिनी, ही भुणभुण थोडी कमी करता येईल. खोलून बघू का?" मी ते हिसकावून घेतलं. "हात लावाल तर याद राखा," म्हटलं. बिचारे चहा न घेता गेले. दुसरं काय करणार होते ते? त्यांना तेवढंच येत होतं.

रीडिंग रूम पुढे बंदच झाली. क्लबची इमारत पाडायची म्हणून किल्ली परत मागितली. ॲम्प्लिफायर मी घरी आणला. चालतो. काही झालेलं नाही त्याला.

एकदा न राहवून मी ह्यांना विचारलं, "तुम्हाला कळलं होतं ना आधीच?" ह्यांनी यंत्र गळ्याला लावलं. "कळलं होतं," ते म्हणाले. "पण सगळे डबा खोलत होते, बरं वाटत होतं."

मी इतकी भडकले! मनात साठलेलं सगळं बोलले. तुम्हाला बरं वाटत होतं आणि माझं काय? त्या काकांचं काय, जे तोंड लपवून फिरतात? बोलता बोलता आवाज चढला. पूर्वी अशा वेळी समोरून तो भारदस्त आवाज यायचा, मग मी आणखी चढायची, मग "काहून चिडते". आता ह्यांनी यंत्र उचललं, क्षणभर माझ्याकडे बघितलं आणि परत टेबलावर ठेवून दिलं. त्या आवाजात माझ्याशी भांडायचं नव्हतं ह्यांना.

शेजारचा टीव्ही बारीक झाला होता. मी आणखी थोडा वेळ बोलत राहिले. एकटीने किती भांडणार? मग उठून स्वयंपाकघरात गेले आणि उगीचच गॅस बंद आहे का ते बघितलं.