लागत नाही, प्यावं लागतं

गल्लीच्या तोंडाशी इस्त्रीवाल्या भाऊंचं दुकान आहे. सुती कपड्याला ते हाताची मागची बाजू लावतात आणि म्हणतात, "हा तहानलाय." मग पाण्याचा शिडकावा आणि वर इस्त्री. त्यांचा अंदाज चुकलेला मी पाहिलेला नाही.

चार वर्षांपूर्वी त्यांच्या मेंदूतली गाठ काढली. गाठीबरोबर तहानही गेली. मेंदूच्या तळाशी बदामाएवढी एक जागा आपलं रक्त सतत चाखत असते. ते खारट झालं, की खालच्या ग्रंथीकरवी ती मूत्रपिंडांना निरोप धाडते, पाणी धरून ठेवा. आणि आपल्याला तहान लावते. भाऊंची ती जागा मुकी झाली. निरोपाचं काम आता गोळी करते. तहानेची मात्र गोळी नाही.

ते काम वहिनींनी अंगावर घेतलं. रोज सकाळी वजनकाटा, आणि बाटलीला लाल दोऱ्याचे सहा वेढे. दर दोन तासांनी एक वेढा पाणी. तरी सवयीनं विचारायच्याच, "तहान लागली का हो?" आणि जीभ चावायच्या. भाऊ हसायचे, "लागत नाही गं, प्यावं लागतं."

मग मुलीच्या बाळंतपणासाठी वहिनी दोन महिने परगावी गेल्या. जाताना मला म्हणाल्या, "बाई, वर्गातलं पोर समजून लक्ष ठेवा."

तिसऱ्या आठवड्यात दुपारी डोकावले, तर बाटली काठोकाठ भरलेली. भाऊंचे ओठ सुकलेले, बोलणं अडखळत.

"प्यायला नाहीत?"

"थांबलोय. आपली आपण लागते का बघतोय." ते बाटलीकडे बघत राहिले. "लहानपणी खेळून आलो की नळाला तोंड लावायचो. सगळा सदरा भिजायचा. काय गोड लागायचं ते पाणी! हे नुसतं ओलं लागतं."

मी ओरडलेच. समोर बसून पाणी पाजलं, डॉक्टरांकडे नेलं आणि वहिनींना कळवलं. त्या दिवसापासून दिवसातून सहा वेळा फोन येऊ लागला. पहिला प्रश्न तोच, "तहान लागली का हो?" आता त्या जीभ चावत नाहीत.

काल चारचा फोन वेळेवर आला नाही. भाऊंनी इस्त्री उभी केली. फोन उचलून पाहिला, ठेवला, पुन्हा उचलला. समोरचा सदरा तसाच पडून राहिला.

"काय होतंय?" मी विचारलं.

"काही नाही. कशात मन लागत नाहीये." त्यांची नजर फोनवरच होती. "बाई, तहान अशीच असायची का हो?"

इतकी वर्षं विज्ञान शिकवलं मी. म्हटलं, "हो भाऊ. साधारण अशीच."