वारा, गच्ची आणि वत्सलाकाकूंचा रोजचा फोटो

आमच्या गच्चीवरचे किस्से मुद्दाम आठवावे लागत नाहीत. पावसाच्या आधीचा तो वारा सुटला की रोज एक नवा किस्सा आपणहून दारात येतो. कधी शेजारच्यांचा शर्ट होऊन, कधी कोणाच्या तरी उशीचा अभ्रा होऊन! नाशिकरोडला आमची बिल्डिंग चार मजल्यांची, लिफ्ट नाही, आणि आजूबाजूला सगळी बैठी घरं. वाऱ्याला अडवायला कोणीच नाही.

या गच्चीच्या मालकीणबाई म्हणजे आमच्या समोरच्या वत्सलाकाकू. कागदोपत्री नव्हे हो, नुसत्या धाकाने. यजमान गेल्यावर पंचवटीतली भाड्याची जागा सोडून त्या इथे तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहायला आल्या. पंच्याहत्तरी उलटलेली. मुलगा अविनाश पुण्याला. भला माणूस, पण आईच्या काळजीने अर्धा झालेला. तो म्हणायचा पुण्याला चल, त्या म्हणायच्या नाही. शेवटी दोघांची तडजोड झाली. जोवर काकू स्वतः जिना चढून कपडे वाळत घालतात तोवर त्यांनी इथे राहायचं, आणि रोज सकाळी दोरीचा फोटो पुण्याला पाठवायचा. ज्या दिवशी फोटो येणार नाही त्या दिवशी बॅगा भरायच्या.

"तिथे गॅलरीत घडीचा स्टँड आहे म्हणे," काकू मला म्हणाल्या होत्या. "त्यावर माझं पातळ मावेल गं. मी कुठे मावू?"

मी चहा टाकला.

*

काकूंनी आल्या आल्या एक नियम लावला. उडालेला कपडा ज्याला सापडेल त्याने तो खाली जिन्याच्या कठड्यावर ठेवायचा. कोणाचा, ते विचारायचं नाही. आतले कपडे असतील तर वर्तमानपत्रात गुंडाळून वर दोरा बांधायचा. नियम झकास होता. फक्त तळमजल्यावरच्या सानपभाऊंना तो कोणी सांगितला नव्हता.

एका संध्याकाळी भाऊंना कठड्यावर पुडी दिसली. घरात मेहुणे आलेले, बायकोने भेळ मागवली असणार असं समजून त्यांनी ती आत नेली आणि सगळ्यांच्या मध्ये ताटलीत सोडली. थोरल्या मेहुण्याने म्हणे जराही न हसता विचारलं, "दाजी, शेव वेगळी आहे का?"

तेव्हापासून भाऊ भेळेच्या गाडीवर जातात आणि तिथेच उभ्या उभ्या खाऊन येतात.

*

दुसऱ्या मजल्यावरच्या रेखाचा चिमट्यांवर फार विश्वास. आम्ही एका चादरीला दोन चिमटे लावायचो, ही दर वितीला एक. आम्हाला लेक्चरही द्यायची. तुमचे कपडे उडतात कारण तुम्ही आळशी आहात, वगैरे. काकू एवढंच म्हणायच्या, की बाई, दोरी जुनी आहे.

एका दुपारी असा वारा आला की दोरीच तुटली. रेखाचं अख्खं घर, म्हणजे नवऱ्याच्या पँटी, सासूबाईंची पातळं, मुलांचे युनिफॉर्म, माळेसारखं उडालं आणि शेजारच्या शेवग्यावर जाऊन बसलं. बांबू घेऊन आम्ही संध्याकाळपर्यंत ते काढत होतो. रेखा खाली उभी राहून वर बघत होती. आम्हाला वाटलं, आता रडेल.

"बघा," ती म्हणाली, "एकही चिमटा सुटला नाही."

*

आमच्या फाटकाशी मखमलाबादकडून एक ताई भाजीची गाडी घेऊन येतात. एकदा काकूंची पांढरी चादर वरून उडाली आणि थेट त्यांच्या मेथीवर पसरली. मी धावत खाली गेले, माफी मागितली, चादर उचलायला लागले. ताईंनी माझा हात धरला.

"राहू द्या ना, हितंच वाळंल ती. ऊन लय हाय, मेथी माना टाकीत होती."

वर काकू कठड्यावरून ओरडून विचारत होत्या, चादर मिळाली का. मी सांगितलं, मिळाली, पण कामाला लागलीये. मेथी संपेपर्यंत चादर तिथेच राहिली. ताईंनी ती घडी घालून परत दिली, वर एक जुडी ठेवून. काकूंनी आम्हा सगळ्यांना मेथीची भाजी खायला घातली आणि चादर पुन्हा धुतली.

*

आणि मग गेल्या वर्षी काकूंचा पाय मुरगळला. गच्चीवर नाही, जिन्यावरही नाही, भाजीबाजारात! डॉक्टरांनी पट्टी बांधली आणि पाय बरा होईपर्यंत जिने बंद म्हणून सांगितलं. त्या दिवशी मी काकूंना पहिल्यांदा रडताना पाहिलं. पायासाठी नाही. "उद्या फोटो गेला नाही की अवी गाडी घेऊन येईल," एवढंच म्हणत होत्या.

रेखाने काकूंची बादली उचलली. मी काकूंचा फोन घेतला. सकाळी आठच्या आत पुण्याला फोटो गेला, उत्तरात नेहमीचा नमस्कारही आला. मग आमचं ते रोजचंच झालं. रेखा वाळत घालायची, मी फोटो काढायची, काकू कॉटवर बसून आमच्या चुका काढायच्या.

एका सकाळी वारा भलताच होता. मी कसाबसा फोटो काढला, धड न बघताच पाठवला आणि आम्ही काकूंकडे पोहे खायला बसलो. तेवढ्यात अविनाशचा फोन. काकूंना कमी ऐकू येतं म्हणून त्यांचा फोन कायम स्पीकरवर.

"आई, फोटोत तो पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा कोणाचा?"

रेखाचा घास तोंडातच राहिला. मी फोटो उघडून पाहिला. सानपभाऊंचा पायजमा त्यांच्या दोरीवरून सुटून काकूंच्या दोन पातळांच्या मध्ये येऊन अडकला होता, अगदी तिथेच वाळत घातल्यासारखा. काकूंनी माझ्याकडे पाहिलं, पट्टी बांधलेल्या पायाकडे पाहिलं.

"तुझ्या बाबांचा," त्या म्हणाल्या. "ट्रंकेत कोंदट वास यायला लागला होता. म्हटलं, जरा वारा लागू दे."

मग "बरं" म्हणून त्याने फोन ठेवला. आम्ही सुटकेचा श्वास सोडला. काकू मात्र पोह्यांत चमचा फिरवत बसल्या, खाल्लं काही नाही.

रविवारी अविनाश न कळवता दारात उभा. हातात दोन मोठ्या रिकाम्या बॅगा. काकू पाय पदराखाली लपवून कॉटवर ताठ बसलेल्या. पदराबाहेर डोकावणारी पट्टी त्याने पाहिली आणि बॅगा भिंतीशी ठेवल्या. मला मेलीला तिथे थांबवेना आणि जाववेना. तेवढ्यात वर पत्रे वाजायला लागले, वारा सुटला. काकू सवयीने उठायला गेल्या आणि कळवळून खाली बसल्या.

"तू बस," तो म्हणाला. "मी आणतो कपडे."

मी मागोमाग गेले. म्हटलं, याला सगळं खरं सांगावं, हात जोडावेत, म्हणावं आम्ही आहोत ना इथे, नका नेऊ त्यांना. पण मी वर पोहोचेपर्यंत तो दोरीपाशी होता. त्याने आईची पातळं एकेक करून काढली, काठाला काठ लावून नीट घड्या घातल्या, माझ्या हातात ठेवल्या.

"वहिनी, उद्याचा फोटोही आठच्या आत पाठवा," तो म्हणाला. "फक्त तो पायजमा नको. बाबा पंचवटीत पूजा सांगायचे. जन्मभर धोतरच नेसले."