खोकल्यासाठी केलेला धूर
काल मागच्या गल्लीत कुणीतरी कडुनिंबाचा पाला पेटवला, आणि तो कडवट वास नाकात गेल्याबरोबर मला केडगावची ती सकाळ आठवली. नात तेव्हा सहा वर्षांची, दम्याची. डॉक्टर म्हणाले होते, हिला रोज झाडांत न्या, म्हणून मी तिला कॉलनीच्या बागेत न्यायची. तिथं तीन मोठे कडुनिंब, खाली गार सावली, पुणे रस्त्याची धूळ तिथवर यायची नाही. पोर खेळायची आणि मी आपली पाला झाडून, ढीग करून पेटवायची. कडुनिंबाच्या धुरानं छाती मोकळी होते, हे आमच्या आईनं शिकवलेलं, मग शंका कशाला घ्यायची? शेजारीण हसायची, "आज्जी, तुमच्या धुरानं डासच काय, जावईबी पळंल की!" त्या दिवशी नात जरा जास्त खोकत होती, म्हणून मी तिला मुद्दाम ढिगाजवळ बसवलं. "घे बाळा, खोल श्वास घे," म्हटलं. तिनं शहाण्यासारखा घेतला, पुन्हा घेतला, आणि बघता बघता पोरीचे ओठ निळे पडले. रिक्षात घालून दवाखाना गाठला. वाफेचा मास्क लावता लावता डॉक्टर ओरडले, "हिला धुरात बसवलं कुणी?" पोरीनंच मास्क बाजूला केला, म्हणाली, "आजीला रागवू नका, माझा खोकला जावा म्हणून केला तिनं." आता ती दहावीला आहे, मला कधी एका शब्दानं बोलली नाही. पण गुदमरत असताना माझं ऐकून तिनं दुसऱ्यांदाही श्वास घेतला, हे आठवून काल मी उठून घराच्या सगळ्या खिडक्या लावून घेतल्या.