देवमनच्या ट्यूबपट्ट्या

अनसिंगच्या त्या गल्लीत कुणाचा पाइप गळायला लागला की लोक देवमनला हाक मारत. देवमन काही प्लंबर नव्हता. त्याचा उभा जन्म वाशीमच्या एका टायरच्या दुकानात पंक्चर काढण्यात गेला होता. वय झाल्यावर काम सुटलं, पण रबराची सवय हातातून गेली नाही. फाटक्या ट्यूबा कात्रीने लांबट कापून त्यांच्या पट्ट्या तो घरी बाळगायचा. कुणाचा सांधा पाझरला की पट्टी ताणून अशी आवळायचा की थेंब जागच्या जागी थांबावा. "झालं. आता पाहू नोको तिकडे," म्हणायचा आणि चहा पिऊन घरी यायचा. चहापलीकडे त्याने कधी कुणाकडून काही घेतलं नाही. गल्लीतली माणसं त्याला मानायची, आणि त्याला ते मनातून फार आवडायचं.

त्याची बायको चंपाबाई उंच, हाडापेराने मजबूत बाई. विहारात वंदना सुरू झाली की तिचा आवाज सगळ्यांच्या पुढे. नवऱ्याच्या पट्ट्यांवर मात्र तिचा विश्वास नव्हता. कारण त्यांच्याच न्हाणीत, नळाच्या मागे, घर बांधलं तेव्हाचा लोखंडी पाइप गळत होता आणि त्यावर देवमनने पट्टी बांधली होती. पाणी दिसेनासं झालं, पण थांबलं नव्हतं. पट्टीच्या आतून झिरपून ते भिंतीला धरून खाली उतरत होतं. भिंतीचा रंग पोपडे धरून सुटला आणि फरशीवर शेवाळ चढलं. चंपाबाई नारळाच्या शेंडीने ते घासून काढायची, चार दिवसांत ते पुन्हा हजर.

गेल्या उन्हाळ्यात नळाला पाणी फारच दिवसांआड येऊ लागलं, म्हणून देवमनने स्लॅबवर मोठी टाकी बसवून घेतली. टाकी उंचावर, तसा पाइपातला जोरही मोठा. थोड्याच दिवसांत न्हाणीतली पट्टी मधोमध फुगली.

"अवो, त्या पट्टीले फोड आल्यासारखं झालं," चंपाबाई म्हणाली. "भाऊसिंगले बोलवा एक डाव." भाऊसिंग म्हणजे मानोऱ्याकडून येऊन गावात नळाची कामं करणारा माणूस.

"भाऊसिंग येईन तं भिंत फोडीन. मी हावो ना!"

"तुमी हा म्हून तं सांगून राह्यली."

देवमन हसला आणि फुगलेल्या पट्टीवर दुसरी पट्टी आवळून मोकळा झाला.

त्यानंतरच्या एका सकाळी चंपाबाई आंघोळीला गेली आणि आतून फाट्कन आवाज आला. पट्टी फुटली होती. तिच्याखाली गंजून पापडासारखा झालेला पाइपही तुटला होता आणि पाण्याची धार समोरच्या भिंतीवर आदळत होती. "पानी बंद करा! वरतून बंद करा!" चंपाबाई ओरडली. देवमन जिना चढून स्लॅबवर गेला. टाकीखाली पाणी बंद करायची चावी होती, पण बसवल्यापासून ती कुणी फिरवलीच नव्हती. ती जाम झालेली. त्याने दोन्ही हातांनी जोर लावला, मग दगड घेऊन ठोकली. चावीचा दांडा तुटून त्याच्या हातात आला. खाली चंपाबाईने ओलं लुगडं कसंबसं अंगाला गुंडाळलं आणि टॉवेलचा बोळा करून ती तुटलेल्या जागी दाबायला पुढे सरकली. शेवाळावर पाय पडला. देवमनला वर फक्त आवाज ऐकू आला. आधी बादली कलंडल्याचा, आणि मग तिचा.

तिचा खुबा मोडला होता. वाशीमला नेलं, ऑपरेशन झालं, आत सळई घातली. त्यांची एकुलती लेक सपना वाशीमलाच एका कचेरीत नोकरीला. ती धावत आली. डॉक्टरांनी विचारलं, "आजी, पडल्या कशा?"

देवमन खाटेच्या पायथ्याशी उभा होता. त्याने तोंड उघडलं, पण त्याआधीच चंपाबाई म्हणाली, "चक्कर आली, साहेब. डोयासमोर अंधारी आली."

सपना उखडली. "माय, तुले किती डाव सांगतलं, उपाशीपोटी आंघोळीले जाऊ नोको म्हून! गोयी बी घेतली नसशीन. आयकतच नाई तू कोनाचं."

"चुकलं बाई माह्यं," चंपाबाई म्हणाली आणि डोळे मिटून घेतले.

देवमनने तोंड मिटलं. त्या क्षणी त्याला वाटलं होतं ते एवढंच, की सुटलो. हेच पुढे त्याला सगळ्यात जास्त जाळत राहिलं. पाइप फुटला तो न कळून, पण ही सुटका त्याने कळून-सवरून घेतली होती. भेटायला येणारा प्रत्येक माणूस चंपाबाईलाच चार शब्द सुनावून जायचा. सांभाळून राहावं, वेळेवर खावं, आता वय झालं. ती मुकाट्याने मान हलवायची. आणि जो तो देवमनला म्हणायचा, "तुमीच हा म्हून निभलं, बाप्पा." ते ऐकलं की त्याला पाणी पिण्याचं निमित्त काढून बाहेर जावं लागायचं. दवाखान्याच्या व्हरांड्यातला नळ ठिबकत असायचा. त्या नळाकडे पाहणंही त्याला नको व्हायचं.

एका दुपारी सपना डबा घेऊन आली आणि पुन्हा तेच सुरू झालं. "आता घरी गेल्यावर तं माही आन हाय तुले, माय..." देवमन मध्येच बोलला, "सपना, तिले बोलू नोको. तिले चक्कर नाई आली."

मग त्याने सगळं सांगितलं. पट्टी, फोड, जाम झालेली चावी, भाऊसिंगला न बोलावणं. सांगताना तो लेकीकडे पाहत नव्हता, खाटेच्या चाकाकडे पाहत होता.

आधी बोलली ती चंपाबाईच, आणि चिडून. "मंग मी कायले खोटं बोलली? लेकीसमोर तुमची मान खाली जाऊ नये म्हून बोलली ना! तुमी तं माह्यं खोटं बी वाया घालवलं."

"तू बोलनं खात होती अन् मी आयकत होतो. कसं आयकू?"

"इतले दिवस आयकलं ना?" चंपाबाईने तोंड भिंतीकडे फिरवलं. सपनाने डबा उघडला आणि दोघांच्याही हातात भाकरी दिली. त्या दिवशी तिघंही फार जेवली नाहीत.

चंपाबाई घरी येण्याआधी न्हाणी नीट करायची होती. देवमन स्वतः भाऊसिंगच्या दारात गेला. भाऊसिंगने भिंत फोडली, आतलं ओलं, काळं पडलेलं सिमेंट दाखवलं आणि लोखंडी पाइप उपटून काढला. "पट्टी वाईट नाई, काका," तो म्हणाला. "पट्टी म्हंजे एका रातीची सोय. सकाळी सांधा खोलाचा, वायसर बदलाचं, टेप लावून बसवाचं. आन पाइप सडला असन तं पाइपच बदलाचा." त्याने टाकीखाली नवी चावी बसवली आणि न्हाणीच्या बाहेर, हाताला येईल अशी दुसरी. "महिन्या-महिन्याले दोनी फिरवत जा. नाई तं जाम होऊन बसते थे पान्यातल्या मिठानं." मोरीच्या तोंडावर जाळी लावली आणि फरशी खरखरीत घातली.

देवमन ऐकत होता, पण त्याचं मन गल्लीत फिरत होतं. किती घरांत आपण पट्ट्या बांधल्या? किती घरांत बायका त्यांच्याखालून वावरतात?

दुसऱ्या दिवशी तो शेजारी नथ्थूकडे गेला. नथ्थू भाजीपाला पिकवून बाजारात नेणारा. टाकीतून स्वयंपाकघरात येणाऱ्या त्याच्या पाइपावर देवमननेच पट्टी बांधली होती.

"खोलू दे थे पट्टी," देवमन म्हणाला.

"कायले? थेंब नाई पडत. पाया पडतो तुह्या हाताच्या!"

"नथ्थू, त्याच हातानं चंपाचा खुबा मोडला."

नथ्थूचं हसू विरलं. पट्टी सोडली तर खालचा सांधा चिरलेला. पाणी बंद करावं लागलं. नेमके त्या दिवशी घरी सोयरे यायचे होते. नथ्थूची बायको रुखमाबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आजच सुचलं का तुमाले? आता पाहुन्याईले पानी कुठून देऊ?" देवमनने तिचे हंडे उचलले आणि हापशीवरून पाणी भरून आणून दिलं. तिने आभार मानले नाहीत, आणि त्याला ते बरंच वाटलं.

असा तो घरोघर गेला. कुणी ऐकलं, कुणी टाळलं. एका घरच्या माणसाने तर दार लावून घेतलं. तिथे देवमन अजून जातो. बाजाराच्या दिवशी हमखास. "भाऊसिंगले बोलावलं का?" एवढंच विचारतो. लोक म्हणतात, म्हातारा बायकोच्या दुखण्यापायी वेडा झाला.

चंपाबाई वॉकर धरून घरात फिरू लागली, पुढे काठीवर आली. पण एक पाय आखूड पडला तो पडलाच. विहाराच्या पायऱ्या आता तिला चढवत नाहीत. बायका तिच्यासाठी अंगणात सतरंजी टाकतात आणि ती तिथून वंदना म्हणते. आवाज अजून खणखणीत आहे, पण लांबून येतो. देवमनला तो आवाज ऐकवत नाही, आणि ऐकल्याशिवाय राहवतही नाही. त्या पट्टीवरून तिने त्याला कधी टोमणा मारला नाही. मारला असता तर बरं झालं असतं, असं त्याने एकदा सपनाला बोलून दाखवलं.

आंघोळीला ती एकटीच जाते. कुणाची मदत घेत नाही. देवमन दाराबाहेर उभा राहतो.

"उभे हा का तिथं?" ती आतून विचारते.

"नाई. टॉवेल वाळू घालून राह्यलो."

"जा तिकडे ओसरीत. लाज वाटते मले, पहारा लावल्यासारखं."

देवमन चपला वाजवत ओसरीपर्यंत जातो. तिथे चपला काढून ठेवतो आणि अनवाणी, पाय न वाजवता, पुन्हा दाराशी येऊन उभा राहतो.