खोट्या दाताचा शेजारी

माझा खोटा दात अखेरपर्यंत शाबूत राहिला. गेला तो त्याच्या शेजारचा, खरा.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. सोलापुरातील एका कापडगिरणीत मी हेडक्लार्क होतो. वरचा समोरचा एक दात पडला. दंतवैद्याने त्या जागी खोटा बसवला आणि बारीक तारांनी दोन्ही बाजूंच्या खऱ्या दातांना अडकवला. "रात्री काढून ठेवायचा. तारेखालचे दात रोज घासायचे, नाहीतर शेजारी कुजतील," असे त्याने बजावले. मी तो एकदाही काढला नाही. नेमलेल्याने जागा सोडू नये, ही माझी शिस्त! (गिरणीतही मी तीच लावत असे. तेथेही कोणाचे फारसे भले झाले नाही.)

यथाकाल डावीकडचा शेजारी हलू लागला.

"अहो, डॉक्टरकडे जा की," पत्नी म्हणाली.

"आपल्या सुमनच्या लग्नाची बैठक उरकल्यावर."

"तोवर टिकतोय होय तो?"

"टिकवतो."

गिरणीतल्या पक्क्या सुताने मी तो हलता दात खोट्या दाताच्या तारेला बांधला. विणकरी गाठ मारली. पूर्वी खोटा खऱ्याच्या आधारावर होता. आता खरा खोट्याच्या आधारावर उभा राहिला. व्यवस्था परिपूर्ण होती!

बैठकीला मुलाचे वडील, बार्शीचे मल्लप्पाअण्णा आले. धान्याचे आडते, पंजा फावड्याएवढा. सर्व जुळले, तारीख अडली. सुमनचे बी.ए.चे शेवटचे वर्ष होते. परीक्षेआधी लग्न म्हणजे शिक्षणाला पूर्णविराम, हे ती जाणून होती. ती दाराआड उभी होती.

"परीक्षेनंतर," मी म्हणालो.

"न्हाय. ह्याच वैशाखात. पोरगी शिकून आमच्या आडतीवर पोती मोजणार हाय व्हय?"

"परीक्षेनंतर."

"मग ऱ्हाऊ द्या की, पाहुणं!" अण्णांनी टोपी उचलली.

पत्नीने घाईघाईने ताट पुढे केले. "आधी तोंड गोड करा. भांडण मग."

ताटात शेंगांची चिक्की होती. (पेढे मीच नाकारले होते. उधळपट्टी!) व्याह्यांनी एकमेकांना भरवायचे, ही रीत. अण्णांनी एक लांब तुकडा माझ्या तोंडात घातला. मी तो चावला. तुटेना.

"जोर लावा की!" म्हणत अण्णांनी बाहेरचे टोक खाली ओढले.

चिक्की बाहेर आली. तिला चिकटून खोटा दात आला. त्याच्यामागून दोऱ्याला लोंबकळत खरा. गाठ सुटली नव्हती!

अण्णा आपल्या तळहाताकडे पाहतच राहिले. "अगागा! म्या पाडला की हो दात! पोरीच्या बापाचा! शुभकार्यात!" मग त्यांचा आवाज उतरला. "आन् ह्यो दोरा कसला वो?"

"नवसाचा आहे," पत्नी शांतपणे म्हणाली.

"कसला नवस?"

"सुमनची परीक्षा निर्विघ्न पार पडावी म्हणून."

नवसावर माझा काडीचा विश्वास नव्हता. खुलासा करणे माझे कर्तव्य होते. मी तोंड उघडले. पत्नीने त्यात ओल्या फडक्याचा बोळा कोंबला. "रक्त येतंय. बोलू नका."

अण्णांनी टोपी पुन्हा खाली ठेवली. "म्या तोडला नवस, आता म्याच पुरा करतो. लगीन परीक्षा झाल्याबिगर न्हाय!"

दाराआड बांगड्या किणकिणल्या.

सुमन पदवीधर झाली, पुढे शिक्षिकाही. तिच्या शाळेत एकदा मला नारळ देऊन गौरविले गेले. मुलीच्या शिक्षणासाठी ह्या गृहस्थांनी व्याह्यांसमोर खंबीर भूमिका मांडली, असे वक्ते म्हणाले. मी नारळ स्वीकारला. वस्तुस्थिती एवढीच, की भूमिका मान्य झाली तेव्हा माझ्या तोंडात बोळा होता!